फॉलिक ॲसिड, गर्भवतींचा रक्तक्षय आणि मुलांचा रक्ताचा कर्करोग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गर्भवतींचा रक्तक्षय आणि रक्ताचा कर्करोग या दोन आजारांचा एकमेकांशी काय संबंध आहे?

आजार म्हणून त्यांचा एकमेकांशी थेट संबंध नाही. रक्तक्षय झालेल्या स्त्रीला पुढे रक्ताचा कर्करोग होतो, असा अर्थ कोणीही काढू नये. संबंध आहे तो संशोधनाचा. १९२८ ते १९४८ या वीस वर्षांत एकाच पदार्थाचा माग काढत वैद्यकशास्त्र मुंबईतील परळहून अमेरिकेतील बॉस्टनपर्यंत पोहोचले. तो पदार्थ म्हणजे फॉलिक ॲसिड. गर्भवतीच्या शरीरात तो कमी पडला की रक्त तयार होण्यात अडथळा येतो, म्हणून तो द्यावा लागतो. रक्ताच्या कर्करोगात हाच पदार्थ पेशींना वापरता येऊ नये अशी व्यवस्था केली, तर बेफाम वाढणाऱ्या पेशींची वाढ रोखता येते.

या संशोधनाचा दुसरा, बॉस्टनचा भाग जगभर सांगितला जातो. पहिला भाग आपल्या शहरात घडला असूनही मराठी वाचकांपर्यंत तो फारसा आलेला नाही. त्यामुळे पुढील उत्तरांत मुंबईच्या भागाला थोडी अधिक जागा दिली आहे.

त्या काळी गर्भवतींमध्ये दिसणारा हा रक्तक्षय नेहमीच्या रक्तक्षयाहून वेगळा कसा होता?

आपल्याकडे सर्वांत जास्त आढळणारा रक्तक्षय लोहाच्या कमतरतेमुळे होतो. त्यात तांबड्या पेशी आकाराने लहान आणि फिकट होतात. मुंबईतील अनेक गर्भवतींच्या रक्तात मात्र सूक्ष्मदर्शकाखाली याच्या उलट चित्र दिसत होते : पेशी संख्येने फार कमी, पण एकेक पेशी नेहमीपेक्षा मोठी. अस्थिमज्जेतही, म्हणजे हाडांच्या पोकळीतील ज्या मऊ भागात रक्त तयार होते तिथे, मोठ्या आकाराच्या आणि अपक्व केंद्रकाच्या पेशी आढळत. त्यांना मेगालोब्लास्ट म्हणतात.

बाहेरून दिसणारी लक्षणे मात्र कोणत्याही तीव्र रक्तक्षयासारखीच होती : चेहरा पांढराफटक पडणे, पायांवर सूज, चार पावले चालताच धाप लागणे. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत हा आजार झपाट्याने बळावत असे आणि अशी स्त्री बाळंतपणातला थोडासा रक्तस्रावही सहन करू शकत नसे. मातामृत्यूंच्या कारणांचा शोध घेणाऱ्या डॉक्टरांचे लक्ष या आजाराकडे वळले, ते त्यामुळेच.

लूसी विल्स कोण होत्या आणि त्या मुंबईत कशा आल्या?

लूसी विल्स यांचा जन्म १८८८ साली इंग्लंडमध्ये झाला. त्यांनी केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास केला आणि पुढे लंडनमधील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १९२० मध्ये त्या डॉक्टर झाल्या. रुग्ण तपासण्यापेक्षा प्रयोगशाळेतील संशोधनाकडे त्यांचा ओढा अधिक होता.

भारतातील मातामृत्यूंची चौकशी तेव्हा इंडियन रिसर्च फंड असोसिएशन या संस्थेच्या वतीने सुरू होती आणि डॉ. मार्गारेट बाल्फर त्यात पुढाकार घेत होत्या. त्यांच्या निमंत्रणावरून विल्स १९२८ साली मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करू लागल्या. ही संस्था मुळात प्लेगच्या लशीसाठी स्थापन झालेली प्रयोगशाळा. १८९९ मध्ये ती परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली आणि १९२५ मध्ये तिला ती लस तयार करणारे शास्त्रज्ञ हाफकिन यांचे नाव मिळाले. तिच्या चहूबाजूंना गिरण्यांची धुराडी आणि कामगारांच्या चाळी होत्या. ज्या स्त्रियांचा अभ्यास करायचा होता, त्यांच्यापैकी अनेक जणी याच वस्तीतल्या होत्या.

विल्स यांनी मुंबईत नेमके काय केले?

त्यांच्या कामाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग प्रयोगशाळेबाहेरचा आहे. तोपर्यंत अनेक डॉक्टरांना हा आजार कोणत्या तरी जंतूमुळे किंवा गर्भारपणात शरीरात तयार होणाऱ्या विषामुळे होत असावा असे वाटत होते. विल्स यांनी मुंबईतील वेगवेगळ्या समाजांच्या आणि वेगवेगळ्या आर्थिक स्तरांतील स्त्रिया रोज काय खातात, कशा घरांत राहतात, याची नोंद घेतली. या पाहणीत तळपदे या आडनावाच्या सहकाऱ्याचा सहभाग होता, तर आजारावरील इतर शोधनिबंधांत मेहता आणि बिलिमोरिया ही नावे विल्स यांच्या जोडीला दिसतात. परदेशी लेखनात विल्स एकट्याच असल्यासारखे वर्णन येते, म्हणून ही नावे मुद्दाम सांगितली पाहिजेत.

पाहणीत जे दिसले ते स्पष्ट होते. ज्यांच्या जेवणात भाजीपाला, फळे आणि प्रथिने सर्वांत कमी होती त्यांच्यात हा आजार सर्वांत जास्त होता, आणि शहरातील गरीब मुस्लिम स्त्रियांची स्थिती या दोन्ही बाबतींत सर्वांत वाईट होती. आजाराचे मूळ ताटात आहे, हा निष्कर्ष त्यातून निघाला.

पुढचा टप्पा प्राण्यांवरील प्रयोगांचा. त्या स्त्रियांच्या जेवणासारखाच आहार गाभण उंदरांना दिल्यावर त्यांना रक्तक्षय झाला आणि काही माद्या पिल्ले होण्याआधीच मेल्या. आहारात यीस्ट मिसळले की आजार टळत होता. परंतु इथे एक अडचण उभी राहिली. उंदरांच्या अंगावरील उवांमधून पसरणाऱ्या बार्टोनेला नावाच्या जंतूमुळेही उंदरांना रक्तक्षय होतो, हे लक्षात आल्यावर उंदरांवरील निष्कर्षांवर पूर्ण विसंबता येईना. तेव्हा माकडांवर प्रयोग करण्यात आले आणि निकृष्ट आहाराने त्यांच्यातही मोठ्या पेशींचा रक्तक्षय निर्माण करता येतो हे दाखवून देण्यात आले. दरम्यान काही काळ विल्स यांचे काम तमिळनाडूतील कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आणि नंतर मद्रासमध्येही चालले.

मार्माइटची गोष्ट खरी आहे का?

होय, खरी आहे. मार्माइट हा इंग्लंडमध्ये पावाला लावून खाल्ला जाणारा काळपट, खारट, उग्र वासाचा पदार्थ आहे. बिअर तयार करताना मागे उरणाऱ्या यीस्टपासून तो बनवतात, त्यामुळे तो स्वस्त असतो. आजारी माकडाला हा यीस्टचा अर्क दिल्यावर ते सुधारले आणि मग तो रुग्ण स्त्रियांना देण्यात आला. त्यांच्या रक्तात नव्या, कोवळ्या तांबड्या पेशी दिसू लागल्या आणि प्रकृती वेगाने सुधारली. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये विल्स यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

या निष्कर्षाचे वजन समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९२६ मध्ये अमेरिकेत मायनट आणि मर्फी यांनी पर्निशस ॲनिमिया या प्राणघातक रक्तक्षयावर रोज भरपूर प्रमाणात प्राण्यांचे यकृत खाऊ घालण्याचा उपचार यशस्वी करून दाखवला होता. व्हिपल यांच्यासह त्या दोघांना १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पर्निशस ॲनिमियातही पेशी मोठ्याच दिसतात, त्यामुळे मुंबईतला आजार हा त्याचाच एक प्रकार असावा, असे मानणे सोपे होते. विल्स यांच्या लक्षात मात्र एक विसंगती आली. यकृताचा शुद्ध केलेला अर्क पर्निशस ॲनिमियावर उत्तम चालत होता, पण मुंबईच्या रुग्णांवर त्याचा उपयोग होत नव्हता. कच्च्या, फारसा शुद्ध न केलेल्या अर्काचा मात्र होत होता आणि यीस्टचाही होत होता. म्हणजे यीस्टमध्ये आणि कच्च्या यकृतात असणारा, पण शुद्धीकरणात निघून जाणारा एक वेगळा घटक होता. दोन सारख्या दिसणाऱ्या आजारांची कारणे वेगळी असू शकतात, हे रुग्णाच्या प्रतिसादावरून ओळखण्याचे हे उत्कृष्ट उदाहरण आहे. या अज्ञात घटकाला पुढे ‘विल्स फॅक्टर’ असे नाव मिळाले.

विल्स फॅक्टर म्हणजेच फॉलिक ॲसिड, हे कधी समजले?

त्याला आणखी चौदा वर्षे लागली. मधल्या काळात वेगवेगळ्या प्रयोगशाळा वेगवेगळ्या प्राण्यांवर आणि जंतूंवर काम करत होत्या आणि प्रत्येकीने आपल्याला सापडलेल्या घटकाला स्वतंत्र नाव दिले होते. माकडांना लागणारे ते व्हिटॅमिन एम, कोंबडीच्या पिल्लांना लागणारे ते व्हिटॅमिन बीसी, आणि एका जंतूच्या वाढीला लागणारा तो लॅक्टोबॅसिलस केसी फॅक्टर. हे सारे एकाच कुळातले आहेत, हे नंतर कळले.

१९४१ मध्ये टेक्सास विद्यापीठातील मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी तब्बल चार टन पालक वापरून त्यातून हा पदार्थ वेगळा केला. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, त्यावरून त्यांनी त्याला फॉलिक ॲसिड हे नाव दिले. १९४५ मध्ये न्यू यॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथील लेडर्ली प्रयोगशाळेत तो कृत्रिमरीत्या तयार करण्यात आला आणि त्याच वर्षी टॉम स्पाइज यांनी अलाबामातील रुग्णांना तो देऊन मोठ्या पेशींचा रक्तक्षय बरा होतो हे दाखवले. चार टन पाल्यातून मिळणारा अत्यल्प पदार्थ आता कारखान्यात बनू लागला. त्याच्या रेणूत हवा तसा बदल करून त्याची भावंडे तयार करणेही त्यामुळेच शक्य झाले आणि पुढची सारी कथा याच शक्यतेवर उभी आहे.

या कथेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे स्थान काय?

फार मोठे. लेडर्लीमध्ये फॉलिक ॲसिड तयार करणाऱ्या चमूचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. त्यांचा जन्म १८९५ मध्ये आंध्रातील भीमावरम येथे झाला. वैद्यकीय शिक्षण मद्रासमध्ये घेऊन ते १९२० च्या दशकात बॉस्टनला गेले आणि हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्यासोबत त्यांनी रक्तातील फॉस्फरस मोजण्याची पद्धत शोधली. फिस्के-सुब्बाराव पद्धत म्हणून वैद्यकीय विद्यार्थी ती अनेक पिढ्या शिकत आले. स्नायूंतील ऊर्जेशी संबंधित असलेल्या फॉस्फोक्रिएटिन आणि एटीपी या रेणूंवरचे त्यांचे कामही मूलभूत स्वरूपाचे आहे. एवढे करूनही हार्वर्डने त्यांना कायम पद दिले नाही आणि १९४० मध्ये ते लेडर्लीत गेले.

त्यांच्या दोन भावांचा मृत्यू स्प्रू या आतड्यांच्या आजाराने झाला होता. या आजारात फॉलिक ॲसिड शरीरात शोषले जात नाही आणि मोठ्या पेशींचा रक्तक्षय होतो. हे समजल्यावर त्यांच्या संशोधनाकडे केवळ रसायनशास्त्र म्हणून पाहता येत नाही. हत्तीरोगावर आजही दिले जाणारे डायएथिलकार्बामाझिन हे औषधही त्यांच्याच देखरेखीखाली लेडर्लीत तयार झाले. ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांचे न्यू यॉर्कमध्ये निधन झाले.

जीवनसत्त्वावरून थेट कर्करोगाच्या औषधापर्यंत मजल कशी गेली?

एका चुकीच्या समजुतीतून, आणि ती चूक प्रामाणिकपणे ओळखल्यामुळे.

१९४४-४५ च्या सुमारास न्यू यॉर्कमधील संशोधकांना लॅक्टोबॅसिलस केसी फॅक्टरमुळे उंदरांमधील स्तनांच्या गाठी कमी होतात असे आढळले होते. तेव्हा फॉलिक ॲसिडच्या कुळातील पदार्थ माणसाच्या कर्करोगावरही चालतील, अशी आशा निर्माण झाली. बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात सिडनी फार्बर हे पॅथॉलॉजिस्ट काम करत होते. सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेने पुरवलेली फॉलिक ॲसिडची संयुगे त्यांनी १९४७ मध्ये कर्करोगाच्या रुग्णांना देऊन पाहिली. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झालेल्या मुलांच्या अस्थिमज्जेत त्यांना जे दिसले ते आशेच्या नेमके उलटे होते : कर्करोगाच्या पेशींची वाढ मंदावण्याऐवजी वेगाने होत होती.

हा निष्कर्ष कोणालाही खचवून टाकणारा होता. फार्बर यांनी त्यातून वेगळा प्रश्न काढला. फॉलिक ॲसिडने या पेशी फोफावत असतील, तर त्यांना ते मिळूच दिले नाही तर काय होईल? लेडर्लीतील रसायनशास्त्रज्ञ तोवर फॉलिक ॲसिडच्या रेणूत छोटे बदल करून त्याच्यासारखे दिसणारे, पण त्याचे काम न करणारे पदार्थ बनवू लागले होते. असे काही पदार्थ फार्बर यांनी एकामागून एक वापरून पाहिले. सुरुवातीच्या पदार्थांनी फारसे हाती लागले नाही. मग अमिनोप्टेरिन आले आणि २८ डिसेंबर १९४७ रोजी दोन वर्षांच्या एका मुलाला ते देण्यास सुरुवात झाली. त्याच्या रक्तातील वाढलेल्या पांढऱ्या पेशी उतरू लागल्या आणि त्याची प्रकृती काही काळ चांगलीच सुधारली.

अमिनोप्टेरिन शरीरात नेमके काय करते?

पेशीचे विभाजन होण्यापूर्वी तिला आपल्या डीएनएची दुसरी प्रत तयार करावी लागते. त्यासाठी लागणारा एक घटक बनवायला फॉलिक ॲसिड एका विशिष्ट रूपात असावे लागते आणि ते रूप देण्याचे काम डायहायड्रोफोलेट रिडक्टेस नावाचे एन्झाइम करते. अमिनोप्टेरिन हुबेहूब फॉलिक ॲसिडसारखे दिसत असल्याने या एन्झाइमला जाऊन घट्ट चिकटते आणि सोडत नाही. कुलपात चुकीची किल्ली अडकून बसावी आणि खरी किल्ली आत जाऊ नये, तसा हा प्रकार. हा तपशील १९५० च्या दशकाच्या शेवटी स्पष्ट झाला. फार्बर यांनी औषध दिले तेव्हा तो कोणालाच ठाऊक नव्हता.

आता परळच्या स्त्रियांकडे पुन्हा पाहावे. त्यांच्या तांबड्या पेशी मोठ्या का होत होत्या? फॉलिक ॲसिडअभावी डीएनए वेळेवर तयार होत नव्हता, त्यामुळे पेशी आकाराने वाढत राहायची, पण तिचे विभाजन अडून बसायचे. आहारातल्या उणिवेने त्या स्त्रियांच्या अस्थिमज्जेत जे घडत होते, तेच फार्बर औषधाने कर्करोगाच्या पेशींत घडवून आणत होते. एकीकडे जो आजार होता, तोच दुसरीकडे उपचार झाला.

१९४८ चा निष्कर्ष काय होता? मुले बरी झाली का?

३ जून १९४८ रोजी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये फार्बर आणि सहकाऱ्यांचा लेख आला. अमिनोप्टेरिन दिलेल्या १६ मुलांपैकी १० मुलांमध्ये लक्षणीय सुधारणा दिसली होती. तोपर्यंत तीव्र ल्युकेमिया झालेले मूल काही आठवड्यांत किंवा फार तर काही महिन्यांत दगावत असे आणि रक्त चढवण्यापलीकडे डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. त्या पार्श्वभूमीवर ही मुले पुन्हा चालू-खेळू लागणे ही अपूर्व गोष्ट होती.

मुले कायमची बरी झाली नाहीत. लेखाच्या शीर्षकातच ‘तात्पुरती’ सुधारणा असा शब्द होता. काही महिन्यांत आजार परत येई आणि मग त्याच औषधाचा उपयोग होत नसे. शिवाय तोंडात जखमा होणे हा औषधाचा ठळक दुष्परिणाम होता, कारण तोंडातील त्वचेच्या पेशीही झपाट्याने विभागत असतात. समकालीन डॉक्टरांपैकी अनेकांना हा निष्कर्ष पटला नाही. काहींना तर मरणाच्या दारी असलेल्या मुलांना असा त्रास देणे योग्य वाटत नव्हते. त्यांची शंका निर्दयपणातून आलेली नव्हती, हेही नमूद केले पाहिजे.

लहान मुलांवर असे प्रयोग करणे नैतिक होते का?

या प्रश्नाचे सोपे उत्तर देता येणार नाही. मानवी प्रयोगांत संमती अनिवार्य मानणारी न्युरेंबर्ग संहिता १९४७ मध्ये आली आणि वैद्यकीय संशोधनासाठीचा हेलसिंकी जाहीरनामा १९६४ मध्ये. आजच्यासारख्या नैतिकता समित्या आणि लेखी संमतिपत्रे तेव्हा प्रचारात नव्हती. औषधाचा डोस किती द्यावा, हेही रुग्णाला देत देतच ठरवले जात होते.

माझे मत असे की हा आजार निश्चित मृत्यूचा होता, पर्यायी उपचार नव्हता आणि संशोधकांनी अपयशही जाहीर केले, या तीन गोष्टी फार्बर यांच्या बाजूने जातात. मात्र ज्या मुलांवर आधी फॉलिक ॲसिडची संयुगे वापरली गेली आणि ज्यांचा आजार कदाचित त्यामुळे बळावला, त्यांचे ऋणही विसरता कामा नये. पुढच्या मुलांना मिळालेले औषध त्यांच्या अस्थिमज्जेच्या तपासणीतून उमगले होते. मुंबईच्या स्त्रियांनाही तेच लागू आहे. त्यांनी दिलेल्या रक्ताच्या नमुन्यांवर हे शास्त्र उभे राहिले आणि त्यांच्यापैकी कोणाचेही नाव कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही.

पहिली केमोथेरपी मस्टर्ड वायूपासून निघाली असे वाचले होते. ते चूक आहे का?

ते चूक नाही. येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन यांनी १९४२ मध्येच नायट्रोजन मस्टर्ड हे युद्धातील विषारी वायूच्या कुळातले रसायन लसिका ग्रंथींच्या कर्करोगावर वापरले होते, पण युद्धकालीन गुप्ततेमुळे ते १९४६ मध्ये जाहीर झाले. त्या अर्थी तो मान त्यांचा आहे. फार्बर यांचे वेगळेपण हे की पेशीला लागणारा एक विशिष्ट पोषक घटक अडवून कर्करोग रोखता येतो, हे त्यांच्या कामातून दिसले.

‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ याच संशोधनातून सापडला का?

नाही. तो शोध वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केला. तोही मुंबईतला आणि रक्तासंबंधीचाच आहे, परंतु तो रक्तगटांच्या आनुवंशिकतेचा विषय असून त्याचा फॉलिक ॲसिडशी संबंध नाही.

मेथोट्रेक्सेट आणि अमिनोप्टेरिन एकच आहेत का?

सख्खी भावंडे म्हणता येतील. मेथोट्रेक्सेटच्या रेणूत एक छोटा गट अधिक असतो आणि त्याचे परिणाम अधिक भरवशाचे असल्यामुळे १९५० च्या दशकात त्याने अमिनोप्टेरिनची जागा घेतली.

१९५६ मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा येथे मिन चिउ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी मेथोट्रेक्सेटने कोरिओकार्सिनोमा, म्हणजे गर्भाच्या वारेपासून उद्भवणारा कर्करोग, बरा होऊ शकतो हे दाखवले. गाठीच्या स्वरूपातला कर्करोग औषधाने पूर्ण बरा झाल्याचे हे पहिले उदाहरण. ली यांचा आग्रह असा होता की रुग्ण वरवर बरी दिसली तरी रक्तातील संप्रेरकाची खूण पूर्ण नाहीशी होईपर्यंत औषध थांबवू नये. या आग्रहापायी त्यांना ती नोकरी गमवावी लागली. पुढे त्यांचेच म्हणणे खरे ठरले आणि १९७२ च्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत त्यांचे नाव होते. गर्भारपणातील एका आजारावरून सुरू झालेला शोध गर्भारपणातील दुसऱ्या आजाराच्या उपचारापर्यंत पोहोचला, हा योगायोग मला नेहमी थबकायला लावतो.

मग मुलांचा ल्युकेमिया कायमचा बरा कधी होऊ लागला?

एका औषधाने आजार परत येतो, हे कळल्यावर अनेक औषधे एकत्र देण्याचा विचार पुढे आला. मेथोट्रेक्सेट हे पहिले औषध हाती होतेच. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी तयार केलेले मर्कॅप्टोप्युरिन १९५३ पासून वापरात आले. स्टेरॉइड गटातील प्रेडनिसोन त्याच दशकात मिळाले. चौथे औषध होते व्हिन्क्रिस्टिन, आणि ते आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळते. सदाफुलीच्या पानांचा मधुमेहासाठी लोकवैद्यकात वापर होतो असे ऐकून कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी ती तपासली. रक्तातील साखर तर उतरली नाही, पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी घटल्या. त्या निरीक्षणातून आधी व्हिनब्लास्टिन आणि पुढे एली लिली कंपनीत व्हिन्क्रिस्टिन हाती आले. हे वाचून कोणीही सदाफुलीचा काढा करून पिऊ नये. औषधाची मात्रा अत्यंत सूक्ष्म असते, ते शिरेतूनच दिले जाते आणि पाने खाल्ल्यास अपायच होतो.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एमिल फ्राय आणि एमिल फ्रायराइख यांनी ही चारही औषधे एकत्र दिली. त्याआधी अनेक मुले ल्युकेमियाऐवजी रक्तस्रावाने दगावत असत. रक्तातील बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, चढवल्याने तो थांबतो हेही याच गटाने सिद्ध केले आणि त्यामुळे मुले इतके कडक उपचार सहन करू शकली. तरीही मेंदूभोवतीच्या द्रवात दडलेल्या पेशींमधून आजार परतत असे. मेम्फिस येथे १९६२ मध्ये सुरू झालेल्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी मेंदूला प्रारण (रेडिएशन) आणि पाठीच्या कण्यातून मेथोट्रेक्सेट देण्याची जोड दिली, आणि १९७० च्या सुमारास निम्म्या मुलांचा आजार कायमचा बरा होऊ शकतो हे दिसू लागले. आज संपन्न देशांत हे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास आहे.

भारतात १९८० च्या दशकात एमसीपी-८४१ नावाची उपचारपद्धती मुंबईचे टाटा मेमोरियल, दिल्लीचे एम्स आणि चेन्नईचे कॅन्सर इन्स्टिट्यूट येथे राबवण्यात आली आणि मुले वाचण्याचे प्रमाण बरेच वाढले. टाटा मेमोरियल परळमध्येच, हाफकिनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

गर्भारपणात फॉलिक ॲसिड घेतल्याने कर्करोग होण्याची भीती आहे का?

नाही. फार्बर यांचे निरीक्षण आधीच ल्युकेमिया झालेल्या मुलांबद्दल होते. निरोगी गर्भवतीने डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत फॉलिक ॲसिड घेणे सुरक्षित आणि अत्यावश्यक आहे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या अभ्यासात असे दिसले की ज्या स्त्रियांना आधी मज्जारज्जूचा जन्मजात दोष असलेले मूल झाले होते, त्यांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास तो दोष पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो. हा दोष पहिल्या चार आठवड्यांत, बऱ्याचदा दिवस गेल्याचे कळण्याआधीच, निर्माण होतो. म्हणून गोळी गर्भधारणेच्या आधीपासून घ्यायची असते. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या रुग्णांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही जीवनसत्त्वाची गोळी घेऊ नये.

रक्तक्षय असेल तर स्वतःहून फॉलिक ॲसिड घ्यावे का?

घेऊ नये. मोठ्या पेशींचा रक्तक्षय बी१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही होतो. विल्स यांना जाणवलेला फरक १९४८ मध्ये बी१२ वेगळे काढल्यावर पूर्ण उलगडला : यकृताच्या शुद्ध अर्कात होते ते बी१२ आणि यीस्टमध्ये होते ते फॉलिक ॲसिड. बी१२ कमी असलेल्या रुग्णाला फक्त फॉलिक ॲसिड दिले तर रक्त सुधारते, पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत वाढत राहते, आणि ती कधी कधी भरून येत नाही. आपल्याकडे शाकाहारी कुटुंबांत बी१२ ची कमतरता सर्रास आढळते. म्हणून हातापायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे अशी लक्षणे असतील तर आधी तपासणी करून घ्यावी.

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू आहे आणि डॉक्टरांनी सोबत फॉलिक ॲसिडही दिले आहे. दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध नाहीत का?

हा प्रश्न अगदी योग्य आहे. संधिवात आणि सोरायसिस यांवर या गटातील औषधांचा उपयोग होतो हे १९५१ मध्येच दिसले होते. मात्र तिथे मात्रा फार कमी असते आणि औषधाचा गुण प्रामुख्याने वेगळ्या मार्गाने येतो. सोबतच्या फॉलिक ॲसिडमुळे तोंड येणे, मळमळ असे दुष्परिणाम कमी होतात आणि मूळ गुण टिकून राहतो. बहुतेक डॉक्टर ते मेथोट्रेक्सेटच्या दिवशी न देता दुसऱ्या दिवशी देतात.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगावीशी वाटते. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्याने अस्थिमज्जा बंद पडून रुग्ण दगावल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत. घरातील वयस्कर माणसांच्या गोळ्यांच्या पाकिटावर वार ठळक लिहून ठेवावा. गर्भारपणात किंवा गर्भधारणेचा विचार असताना हे औषध अजिबात घेऊ नये.

लूसी विल्स पुन्हा मुंबईत आल्या का?

होय. १९३७ च्या अखेरीस त्या सुमारे दहा आठवड्यांसाठी हाफकिनमध्ये परतल्या होत्या. त्यानंतर लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये त्यांनी दीर्घकाळ काम केले आणि एप्रिल १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले. तोवर त्यांचा ‘फॅक्टर’ गोळीच्या रूपात जगभर पोहोचला होता.

सरकारी दवाखान्यात गर्भवतींना मिळणारी लाल गोळी हीच का?

हीच, लोहाच्या जोडीने. ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात गर्भवतीला दुसऱ्या तिमाहीपासून रोज एक, अशा १८० दिवसांच्या गोळ्या दिल्या जातात आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस त्या घ्यायच्या असतात. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. लोहामुळे शौचाचा रंग काळा होतो आणि काहींना मळमळते, म्हणून अनेक जणी गोळी मध्येच सोडतात. तसे करू नये. जेवणानंतर घेतल्यास त्रास कमी होतो, आणि चहाबरोबर घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही. आहारात पालेभाज्या, डाळी आणि मोड आलेली कडधान्ये ठेवावीत, आणि भाजी फार वेळ उकळून तिचे पाणी टाकून देऊ नये, कारण फॉलिक ॲसिड उष्णतेने नष्ट होते आणि पाण्यातून निघूनही जाते.